उखळी तोफ : गोवळकोंडा, खर्डा आणि रायगड

आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात एक दगडी उखळ पडलेले आहे. आजोबांनी बीड जिल्ह्यातून बिऱ्हाड हलवून हैदराबादला आणले तेव्हा आजीने ते हट्टाने सामानात घातले, असे घरात सांगतात. आता त्यात कोणी काही कांडत नाही. पावसाचे पाणी साचते आणि चिमण्या पिऊन जातात. मागे सीमेवर चकमकी चालू असताना टीव्हीवर सारखे 'उखळी तोफांचा मारा' असे शब्द कानावर पडत होते. आमच्या धाकटीने ते ऐकले, गच्चीवर जाऊन उखळाभोवती एक चक्कर मारली आणि खाली येऊन विचारले, "बाबा, ह्याची तोफ कशी होते?"

मी पाटबंधारे खात्यातला माणूस, स्थापत्याची पदविका घेतलेला. आमचा संबंध कालवे, बंधारे आणि त्यांचे दरवाजे यांच्याशी. पण जोराने सोडलेले पाणी कुठे जाऊन पडेल एवढे गणित आम्हालाही करावे लागते, आणि उखळी तोफेचे गणित त्याहून फार वेगळे नाही. लेकीच्या प्रश्नाच्या मागे लागून गेली दोन वर्षे जे वाचले, पाहिले, ते या स्मरणिकेत मांडतो आहे. त्यात आपल्या मलकपेठेचाही वाटा आहे.

आधी तोफ समजून घेऊ. साधी तोफ लांब नळीची असते आणि समोर, जवळजवळ सरळ मारते. तिचे काम तटाला धडक देऊन भगदाड पाडण्याचे. उखळी तोफेची नळी आखूड आणि तोंड रुंद, दिसायला खरोखर उखळासारखी. इंग्रजीत तिला मॉर्टर म्हणतात, त्याचाही अर्थ खलच. ती आकाशाकडे तोंड करून बसते. गोळा वर जातो, वळतो आणि तटाच्या पलीकडे वरून खाली येतो. कुंपणाच्या भिंतीमागच्या कुंडीला पाणी घालायचे तर आपण रबरी नळी वर धरतो, तोच प्रकार. भिंत कितीही जाड असली तरी तिला विचारण्याचे कारणच उरत नाही.

हा गोळा भरीव नसतो. पोकळ असतो, आत दारू ठासलेली असते आणि तोंडाशी लाकडी नळीत सावकाश जळणारा मसाला भरलेला असतो. जुन्या मराठीत याला कुलपी गोळा म्हणत. तोफेच्या भडक्यानेच ती नळी पेटते. खरी कसोटी या नळीची लांबी ठरवण्यात. नळी लांब राहिली तर गोळा जमिनीत रुतून मग फुटतो, किंवा कोणी धीराचा शिपाई ओले पोते टाकून विझवतो. आखूड कापली तर गोळा वाटेतच फुटतो. तेव्हा गोळा किती वेळ हवेत राहणार ते आधी कळायला हवे. त्यासाठी गोलंदाजांकडे एक सुटसुटीत नियम होता. तोफेचे तोंड ४५ अंशांवर ठेवायचे, पल्ला फुटांत मोजायचा, त्याचे वर्गमूळ काढून चाराने भागायचे. तेवढे सेकंद गोळा हवेत राहतो. ३६०० फुटांना वर्गमूळ ६०, भागिले चार म्हणजे १५ सेकंद. मी कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहिले, नियम बरोबर उतरतो. फक्त लक्ष्य तोफेच्याच पातळीवर हवे. डोंगरावर मारायचे असेल तर हिशेब बदलतो. पल्ला कमी-जास्त करायला तोंड हलवायचे नाही, दारूचे माप बदलायचे. म्हणजे उखळी तोफ चालवायला तीन गोष्टी लागतात : मोजलेले अंतर, तोललेली दारू आणि बरोबर कापलेली नळी. यात ताकदीचे काम थोडे, वहीचे काम जास्त.

आणखी एक गोष्ट आपल्या डोंगरी मुलखाच्या दृष्टीने फार मोलाची. वेढ्यासाठी वापरली जाणारी १८ पौंडी लांब तोफ दोन टनांहून जड असे. आठ इंची उखळी तोफेचे वजन साधारण अर्धा टन. नळी आखूड, म्हणून धातू कमी. पहिली सह्याद्रीच्या टेकाडावर चढवायची म्हणजे रस्ताच बांधावा लागे. दुसरी माणसे आणि बैल मिळून वर नेऊ शकत.

आता आपल्या शहराकडे वळू. औरंगजेबाने १६८७ मध्ये गोवळकोंड्याला वेढा घातला तो आठ महिने चालला. मोठमोठ्या तोफा आणल्या. त्यांतली 'फतेह रहबर' अजून किल्ल्याच्या पेटला बुरुजावर आहे. आपल्यापैकी अनेकांनी मुलांना तिच्याजवळ उभे करून फोटो काढले असतील. ग्रॅनाइटच्या तटापुढे तोफा हतबल झाल्या. सुरुंग लावले तर ते उलटे फुटून मोगलांचीच माणसे मेली. वर पाऊस, रोगराई आणि अन्नाची टंचाई. शेवटी २१ सप्टेंबरला एका फितूर सरदाराने रात्री दरवाजा उघडला तेव्हा किल्ला पडला. सरळ मारणाऱ्या तोफेची मर्यादा ती हीच.

मोठी तोफ म्हणजे भारी तोफ असा समज दख्खनेत फार जुना आहे. विजापूरची 'मुलुख मैदान' तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन, आणि तोंड एवढे की माणूस आत बसू शकतो. तिचा दरारा मोठा होता यात वाद नाही, पण ती हलवायची म्हणजे एक मोहीमच. पुढे १८५४ साली इंग्रज अधिकाऱ्याने ती मोडीत विकायला काढली आणि बोली आली दीडशे रुपये! नंतर लिलाव रद्द झाला म्हणून ती वाचली.

महाराजांच्या काळातले गड या सरळ माऱ्याच्या तोफेचा आणि शिडी लावणाऱ्या शत्रूचा विचार करून बांधलेले होते. मुख्य तट म्हणजे कडाच. त्याला भगदाड कोण पाडणार? भीती एकच होती, ती म्हणजे शेजारच्या डोंगराची. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला तेव्हा आधी वज्रगडासमोर मोठ्या तोफा चढवल्या, त्या चढवायलाच कित्येक दिवस गेले. वज्रगड पडला आणि मग पुरंदर अवघड झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणात या धोक्याचा स्पष्ट विचार आहे. गडाजवळ दुसरा डोंगर असेल तर तो फोडून गडाच्या माऱ्याखाली आणावा, ते जमत नसेल तर तोही बांधून गडात घ्यावा, असा त्याचा आशय. धाकट्या डोंगरावर चढून कोणी तोफ डागू नये याची ही तरतूद. हे वाक्य लक्षात ठेवा, रायगडावर पुन्हा त्याची आठवण येणार आहे.

आपल्या मंडळातल्या बहुतेकांच्या रोजच्या वाटेवर मुसारामबागचे मेट्रो स्टेशन लागते. हा 'मुसाराम' म्हणजे कोणी साधू नव्हे. मिशेल रेमंड नावाचा फ्रेंच माणूस निजाम अलीखानाच्या चाकरीत होता. 'मुसा' हे 'मस्य'चे आपल्याकडचे रूप. मुसलमान शिपाई त्याला मुसा रहीम म्हणत आणि हिंदू शिपाई मुसा राम. आपल्या मराठी कागदांत तो 'मुसा रेमू' होतो. २५ मार्च १७९८ ला तो वारला आणि आसमानगढच्या टेकडीवर त्याची कबर बांधली. वर एक दगडी स्तंभ आहे, त्यावर 'जे आर' ही अक्षरे कोरली आहेत. शेजारचा मंडप २००१ च्या पावसात कोसळला आणि नंतर पुन्हा उभारला. आमच्या शाळेच्या दिवसांत आम्ही तिथे पतंग उडवायचो. हा कोण हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

या रेमंडने १७८६ च्या सुमारास हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना काढला. लोक त्याला 'तोप का सांचा' म्हणत. तोच आजचा गनफाउंड्री भाग. गल्लीतून चालताना डोक्यात फक्त बँकेचे काम असते, पण तिथे एके काळी पितळ उकळत होते. त्या तोफा घेऊन रेमंडच्या पलटणी मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर गेल्या. समोर होते मराठे, सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. शिंद्यांच्या पलटणीही फ्रेंच शिस्तीच्या, पेराँच्या हाताखालच्या. म्हणजे दोन्ही बाजूंना फ्रेंचांनी शिकवलेले तोफखाने. ११ मार्चला लढाई झाली. रेमंडची माणसे नेटाने उभी राहिली, पण निजामाने रात्री कच खाल्ली आणि तो खर्ड्याच्या गढीत जाऊन बसला. गढी निंबाळकरांनी बांधलेली, आटोपशीर. एवढ्या मोठ्या फौजेला आत ना जागा ना पाणी. मराठ्यांनी भोवती तोफा लावल्या आणि दोन दिवसांत निजामाने तहाची बोलणी लावली.

खर्डा आमच्या मूळ गावापासून फार लांब नाही. आजोबा सांगायचे की आपल्या भागातली माणसे त्या लढाईत दोन्ही बाजूंना होती. ते खरेच आहे. निजामाच्या पदरी रावरंभा निंबाळकरांसारखी मोठी मराठी घराणी होती. इथल्या मराठी माणसाला खर्ड्याचा विजय सांगताना थोडे अडखळायला होते ते त्यामुळे. रेमंड आपला की परका, याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

खर्ड्याच्या विजयाने आपला तोफखाना उत्तम होता असा समज झाला. तो अर्धाच खरा आहे. पेशव्यांकडे तोफा ओतण्याचे कारखाने होते. तोफखान्याची जबाबदारी पानसे घराण्याकडे होती. सासवडजवळ सोनोरीला त्यांनी १७५७ ते १७६० मध्ये मल्हारगड बांधला. महाराष्ट्रातला शेवटचा बांधलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. पानिपतला ज्याच्या तोफांवर भाऊसाहेबांनी भिस्त ठेवली तो इब्राहीमखान गारदी हैदराबादेत बुसीच्या हाताखाली तयार झालेला. माल होता, माणसेही होती. उखळी तोफा आणि कुलपी गोळेही आपल्याला ठाऊक होते, नाहीतर ते शब्द मराठीत रुळलेच नसते.

उणे होते ते वहीचे काम. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊंनी टिपूच्या धारवाडला वेढा घातला. सोबत इंग्रजांची एक तुकडी होती. तिच्यातल्या एडवर्ड मूर नावाच्या अधिकाऱ्याने जे लिहून ठेवले ते वाचताना हसूही येते आणि वाईटही वाटते. तो सांगतो की मराठ्यांच्या मोर्चात तोफ भरली की सगळे खाली बसून अर्धा तास गप्पा मारत, हुक्का ओढत. मग तोफ उडवायची. धुरळा भरपूर उडाला की काम फत्ते. पुन्हा भरायची, पुन्हा गप्पा. दुपारी दोन तास तर दोन्ही बाजूंच्या संमतीने जेवणाची सुटी. मूर इंग्रज होता, त्याने थोडे तिखटमीठ लावले असेल हे धरून चाललो, तरी तो वेढा सहा महिन्यांहून जास्त चालला हे खोटे नाही. सरळ तोफेला हा ढिसाळपणा एक वेळ चालतो, तट कुठे पळून जात नाही. उखळी तोफेला चालत नाही. तिथे एका गोळ्यानंतर लगेच टिपण करावे लागते : पुढे पडला की मागे, दारू किती घातली होती, नळी किती कापली होती. ते टिपण नसेल तर शंभरावा गोळाही पहिल्यासारखाच आंधळा.

यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८१८ मध्ये, काय झाले पाहा. आष्टीला २० फेब्रुवारीला बापू गोखले पडले, बाजीराव पळत होते. त्याच सुमारास जनरल प्रिट्झलर सिंहगडाखाली आला. गडावर ११०० माणसे होती, त्यांत ७०० गोसावी आणि ४०० अरब. लढायला कच्ची नव्हेत. इंग्रजांनी तट फोडण्यावर भर दिला नाही. १४१७ कुलपी गोळे आणि २२८१ साधे गोळे गडावर टाकले आणि २ मार्चला गड खाली झाला. हे आकडे एवढे चोख उपलब्ध आहेत यातच सगळे आले. कोणीतरी प्रत्येक गोळा मोजत होता. ज्या गडासाठी तानाजीने जीव दिला त्याच्या शेवटच्या वेढ्यात कड्यावर कोणी चढलेच नाही.

मग ओळच लागली. १४ मार्चला पुरंदरवर उखळी तोफांचा मारा सुरू झाला आणि १६ तारखेला तो गेला. वासोटा म्हणजे कोयनेच्या रानातला, वाट सापडायची मारामार. तिथेही समोरच्या जुन्या वासोट्यावर उखळी तोफा चढवल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किल्लेदाराने दार उघडले. गडावर सातारकर महाराजांचे कुटुंबीय होते आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज कैदीही होते. आपल्याच बाजूचे गोळे डोक्यावर पडताना त्या दोघांना काय वाटले असेल कोण जाणे.

आणि रायगड. १६८९ मध्ये मोगलांनी याच गडाला मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत वेढा घातला होता. गड लढून पडला नाही, बोलणी होऊन गेला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर एप्रिलच्या अखेरीस महाडच्या बाजूने आला. गडावर बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई होत्या, शिबंदी हजाराच्या आसपास होती. समोर पोटल्याचा डोंगर. गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असला तर फोडावा किंवा बांधून घ्यावा हे ज्या राज्याच्या अमात्यांनी लिहून ठेवले, त्याच राज्याच्या राजधानीसमोरचा डोंगर शंभर वर्षे तसाच मोकळा राहिला होता. तिथून आलेल्या कुलपी गोळ्यांनी गडावर आग लावली. लाकडी खांब, लाकडी तुळया. राजवाडा जळाला, घरे जळाली. १० मे १८१८ ला रायगड इंग्रजांच्या हाती गेला. वाराणसीबाईंना सुखरूप जाऊ दिले. आज आपण गडावर जातो तेव्हा नुसती जोती दिसतात, वर काही नाही. लोकांना वाटते काळाने पडझड झाली. काळाचा हात आहेच, पण सुरुवात त्या उखळी तोफेने केली.

दर गणपतीत आमच्याकडे जेवणे झाली की हा वाद निघतो. थोरले काका म्हणतात, फितुरीशिवाय आपला गड पडणे शक्यच नाही. काकांचा मान ठेवून मी इथे उलट लिहितो. फितुरी झाली असेल कुठे कुठे, बाजीरावांच्या पळापळीने धीर खचला होता हेही खरे. पण दोन-अडीच महिन्यांत सिंहगड, पुरंदर, वासोटा आणि रायगड एकाच पद्धतीने पडतात तेव्हा एकेका किल्लेदाराला दोष देऊन भागत नाही. प्रत्येक ठिकाणी शेजारच्या उंचवट्यावर हलकी उखळी तोफ चढली आणि तटाला वळसा घालून गोळा वरून आला. कडा ही आपली ढाल होती, आणि आकाशाच्या बाजूने ढाल नव्हतीच. गडावरच्या माणसांना फितूर म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते. वरून पडणाऱ्या आगीखाली पंधरा दिवस राहणे काय असते ते आपण जेवणाच्या पानावर बसून ठरवू नये.

पुढची कहाणी जगाची आहे, ती थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात तोफ मोठी करण्याचे वेड युरोपलाही लागले. क्रिमियाच्या युद्धासाठी इंग्रजांनी ३६ इंच तोंडाची, ४२ टन वजनाची उखळी तोफ बनवायला घेतली. १८५७ मध्ये ती तयार झाली तेव्हा युद्ध संपले होते. चाचणीतच मोडतोड होऊ लागली आणि ती एकदाही रणांगणावर गेली नाही. इंग्रजांनीही आपली मुलुख मैदान करून घेतली म्हणायची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ६० सेंटिमीटरची 'कार्ल' बनवली. वजन सव्वाशे टनांच्या घरात, सेवास्तोपोलवर ती चालली. पण असल्या अजस्र तोफांची वाट तिथेच संपली.

खरी सुधारणा उलट दिशेने झाली आणि ती सैन्याबाहेरच्या माणसांनी केली. पहिल्या महायुद्धात दोन्ही सैन्ये खंदकांत बसली. समोरून मारणारी तोफ खंदकात बसलेल्याला काही करत नाही. वरून पडणारा गोळाच हवा. जर्मनांनी तशी हत्यारे आधीच तयार ठेवली होती. इंग्रजांकडे काही नव्हते. तेव्हा विल्फ्रेड स्टोक्स नावाच्या इंजिनिअरने १९१५ मध्ये एक साधी नळी पुढे केली. हा गृहस्थ क्रेन आणि धरणांचे दरवाजे बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख होता. आमच्या खात्याचा जवळचा नातेवाईकच म्हणा! खाली एक जाड पत्रा, पुढे दोन पाय, मध्ये नळी. बॉम्ब वरून नळीत सोडायचा. तो तळाच्या खिळ्यावर आपटला की उडाला. चाक नाही, धक्का झेलणारी यंत्रणा नाही, सगळा धक्का पत्र्यातून जमिनीत. एका मिनिटात वीसहून अधिक गोळे सुटत. युद्धखात्याने आधी नाक मुरडले. लॉइड जॉर्ज यांनी आग्रह धरला, आणि पहिल्या हजार नळ्यांसाठी लागणारे पैसे एका हिंदी महाराजांनी दिले. आपल्या गडांवर इंग्रजांनी ज्या हत्याराने आग पाडली त्याच्या नव्या जन्माचा खर्च आपल्यातल्याच कोणी उचलावा, याला काय म्हणावे!

नंतर एडगर ब्रांट या फ्रेंच लोहाराने त्या बॉम्बला माशासारखा आकार आणि मागे पंख दिले. लोहार हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण तो लोखंडी जाळ्या-कठडे घडवणारा नामांकित कारागीर होता. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे काम गाजले. आजची ८१ मिलिमीटरची तोफ त्याच घराण्यातली. त्याच्याच मोठ्या, १२० मिलिमीटरच्या नमुन्यावरून रशियनांनी १९३८ मध्ये आपली तोफ केली : मांडल्यावर वजन तीनशे किलोच्या आत, बॉम्ब १६ किलोचा, पल्ला सहा किलोमीटरच्या आसपास. जर्मनांना ती हाती लागली तेव्हा त्यांनी मुकाट्याने तिची नक्कल केली. भारी उखळी तोफ म्हणजे १२० मिलिमीटर हे जवळजवळ सगळ्या जगाने मान्य केले ते तेव्हापासून. त्याहून मोठ्या आहेत, पण १६० मिलिमीटरच्या तोफेचा बॉम्ब ४० किलोचा. तो तीन मीटर उंच नळीच्या तोंडाशी धरणार कोण? म्हणून तिची नळी मध्ये वाकवून मागून भरावी लागते. रशियाची २४० मिलिमीटरची 'ट्युल्पान' तर १३० किलोचा बॉम्ब टाकते. अफगाणिस्तानच्या डोंगरांतल्या गुहांवर ती वापरली गेली.

डोंगर आला की उखळी तोफ आलीच. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सैन्याने पहाडी डिव्हिजन उभ्या केल्या तेव्हा त्यांच्यासाठी १२० मिलिमीटरच्या तोफा घेतल्या. नावाची गंमत अशी की ज्या पलटणींकडे ही 'भारी' उखळी तोफ असते त्यांना तोफखान्यात 'लाइट रेजिमेंट' म्हणतात. १६० मिलिमीटरच्या इस्रायली बनावटीच्या टॅम्पेला तोफाही आपल्याकडे होत्या. १९९९ मध्ये कारगिलला आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. नाव गाजले ते बोफोर्सचे आणि ते योग्यच होते. पण कड्याच्या मागच्या उतारावर दडलेल्या बंकरवर वरून उतरायचे काम १२० मिलिमीटरनेही केले. आपल्या शेजारी संगारेड्डीजवळ एद्दुमैलारमच्या आयुध निर्माणीत तर ८१ मिलिमीटरची तोफ रणगाड्यासारख्या साखळीच्या गाडीत बसवलेली आहे.

या तोफा चालवणारी पोरे तयार होतात ती देवळालीला, नाशिक रोडला आणि आपल्या गोवळकोंड्याला. आर्टिलरी सेंटरच्या आसपास सकाळी गेलात तर धावणाऱ्या रिक्रूटांच्या तोंडी सातारी-कोल्हापुरी मराठी हमखास ऐकू येते. तिथून निवृत्त झालेले एक हवालदारकाका आपल्या मंडळाच्या आरतीला नेमाने येतात. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे. लेकीच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांनीच दिले. गच्चीवर येऊन त्यांनी उखळ पाहिले, तळाशी हात फिरवला आणि म्हणाले, "तोफ सोपी आहे गं, जमीन अवघड." मग त्यांनी समजावले. मऊ जमिनीत पाच-सहा गोळ्यांनंतर खालची बेसप्लेट खचते, नळी कलते आणि सगळा हिशेब चुकतो. बर्फात आणखी वाईट. खडकावर प्लेट बसत नाही, उडते. म्हणून पोती भरायची, दगड रचायचे, दर काही गोळ्यांनी कोन पुन्हा तपासायचा आणि वहीत लिहायचा. वही हा शब्द त्यांनी आपणहून वापरला, मी आठवण करून दिली नव्हती.

गेल्या दिवाळीत आम्ही काही कुटुंबे रायगडाला गेलो तेव्हा काकांनाही बरोबर नेले. सगळे महाराजांच्या समाधीपाशी डोके टेकवून आले. काका मात्र बाजारपेठेच्या जोत्यांवर उभे राहून समोरच्या पोटल्याकडे बराच वेळ पाहत होते. अंगठा डोळ्यासमोर धरून त्यांनी काहीतरी अंदाज घेतला. मी विचारले, "काय काका?" म्हणाले, "जागा चोख निवडली होती त्यांनी. मी असतो तर तिथेच मांडली असती." थोरले काका शेजारीच होते, पण त्या वेळी ते काही बोलले नाहीत.

येत्या हिवाळ्यात पोटल्याचा डोंगर चढायचे ठरले आहे. त्याआधी एका रविवारी सकाळी आसमानगढला रेमंडच्या कबरीपाशी मुलांना घेऊन जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी विसर्जनानंतर मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. टेकडी छोटी आहे, गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनाही जमेल.